मदत हवी आहे: सर्व्हरचा मदरबोर्ड सुटत नाही, आज रात्रीच बदलायचा आहे

कुंडईकर, रात्री ८:१२
कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे, तिथला सर्व्हर उघडून बसलोय. नवा बोर्ड दुपारी कुरियरने आला. सेवा करारवाले म्हणतात इंजिनियर मुंबईहून सोमवारी येईल. चवथीआधीचा पगार उद्या व्हायलाच हवा, कामगारांना माटोळीचा (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीचा) बाजार करायचा आहे. सगळे स्क्रू काढले. रॅम (मेमरीच्या पट्ट्या), रायझर (जादा कार्डं लावायची पाटी), पंखे काढले. बोर्ड वर येत नाही, पुढे सरकतही नाही. कुठे अडकला असेल? लवकर सांगा.

साखळीकर, ८:१९
मॉडेल कुठलं? प्रोसेसर एक की दोन? रॅकमध्येच उघडलाय की टेबलावर घेतलाय? पॉवरच्या दोन्ही वायरी काढल्यात?

कुंडईकर, ८:२३
मॉडेल व्यनि (खाजगी निरोप) केलंय. २यू (रॅकमधल्या दोन खणांच्या उंचीचा), दोन प्रोसेसर. टेबलावर आहे. बंद केलाय अर्थातच.

साखळीकर, ८:२६
कुंडईकरबाब, बंद करणं वेगळं आणि वायरी काढणं वेगळं. बटणाने बंद केला तरी वायर असेपर्यंत बोर्डावर १२ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच राहतो. दोन्ही वायरी काढा, मग पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, आणि बोर्डावरचा बारीक दिवा पूर्ण विझेपर्यंत आत हात घालू नका.

म्हापशाचा_मेकॅनिक, ८:३१
एक वायर लावून ठेवावी, अर्थिंग मिळतं. पंचवीस वर्षं असंच काम करतोय, एकही बोर्ड गेलेला नाही.

साखळीकर, ८:३५
दादा, जुन्या एटी कॅबिनेटचं बटण थेट मेनच तोडायचं, तेव्हा तुमचं बरोबर होतं. एटीएक्स ही नंतरची पद्धत आल्यापासून मशीन बंद असतानाही स्टँडबाय येतो. सर्व्हरमध्ये तर त्यावर मॅनेजमेंटची (दुरून देखरेखीची) चिप चोवीस तास जागी असते. अर्थसाठी मनगटपट्टा बांधा आणि त्याची क्लिप रंग नसलेल्या पत्र्याला लावा.

म्हापशाचा_मेकॅनिक, ८:३८
श्रावणात गोव्यात स्टॅटिक? इथे भिंतीला हात लावला तर हात ओला होतो.

साखळीकर, ८:४२
भिंत बाहेरची. सर्व्हर रूममध्ये एसी दिवसरात्र चालतो, हवा कोरडी असते. आपल्याला झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, चिप त्याच्या कितीतरी आधी खराब होते. तुम्हाला कळतही नाही, आणि महिन्याभराने तक्रार येते.

मांडवीकाठ, ८:४६
अजून स्वतःचा सर्व्हर कशाला ठेवता? सगळं क्लाउडवर न्या, हा त्रासच राहणार नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी नेलं.

कुंडईकर, ८:४८
ते नंतर बघू हो. आत्ता बोर्ड सुटायला हवा.

बाणावलीची, ८:५३
बोर्ड गेला कशाने? आमच्या घरापासून समुद्र पाच मिनिटांवर, इन्व्हर्टरचा बोर्ड दोनदा बदलला. रॅम दिसत नसेल तर खोडरबराने घासून बघा, माझ्या भावाचा कॉम्प्युटर तसाच सुरू झाला होता.

कुंडईकर, ८:५५
एका प्रोसेसरच्या बाजूच्या चारही रॅम दिसेनाशा झाल्या. पट्ट्या अदलाबदल करून पाहिल्या, त्याच जागा मेलेल्या राहतात. म्हणजे बोर्डच.

फोंडा_रॅक, ९:०२
खोडरबर नको. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो घासला जातो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊन बसतो. पुसायचंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि धागे न सुटणारं कापड.
आता मुख्य प्रश्न. "पंखे काढले" म्हणजे नेमकं काय? एकेक पंखा उपसून काढलात, की पंख्यांचा अख्खा पिंजरा काढलात?

कुंडईकर, ९:०५
एकेक पंखा काढला. पिंजरा तसाच आहे. तो बोर्डाचा भाग नाही म्हणून राहू दिला.

फोंडा_रॅक, ९:११
तिथेच अडलंय. मागच्या पत्र्यातल्या भोकांमधून पोर्ट बाहेर आलेले असतात. ते सुटायला बोर्ड आधी पुढे सरकायला हवा, आणि पुढे पिंजरा उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे खटके उघडा आणि पिंजरा सरळ वर उचला. दोन्ही पॉवर सप्लायही मागे ओढून बाहेर काढा, तुमच्या मॉडेलमध्ये ते थेट बोर्डात बसतात. मग मधली निळी खुंटी वर ओढून धरा, बोर्डाची पकड धरून पुढे सरकवा आणि पुढची बाजू तिरकी उचला. हीटसिंक किंवा रॅमच्या स्लॉटला धरून अजिबात उचलू नका.
प्रोसेसर हलवताना घाई नको. पिना सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या बारीक. एक वाकली तरी नवा बोर्ड वाया. नव्या बोर्डाच्या सॉकेटवरची टोपी काढाल ती लगेच जुन्या सॉकेटवर बसवा, जुना बोर्ड परत द्यायचा असेल.

पेडणेकर, ९:२०
डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) आहे का? त्याची किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप बोर्डाशी बांधलेली असते. नव्या बोर्डावर रिकव्हरी की मागेल, ४८ आकडी. हातात आहे ना?

कुंडईकर, ९:२४
बिटलॉकर आहे, पण की आधीच्या आयटीवाल्याने घेतली होती. कुठे ठेवली माहीत नाही. आता काय करू?

पेडणेकर, ९:२६
पुढचं काम थांबवू नका, पण की शोधायला माणूस लावा. डिस्कचे क्रम लिहून ठेवा. रेड कंट्रोलरने (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाने) "फॉरेन कॉन्फिगरेशन", म्हणजे डिस्कवरची मांडणी अनोळखी आहे, असं म्हटलं तर इम्पोर्ट करायचं, इनिशियलाइझ कधीच नाही. त्याने सगळं पुसलं जातं.

म्हापशाचा_मेकॅनिक, ९:३०
काढण्याआधी केबलींचे फोटो घेतलेत का? मी नेहमी घेतो. हे तरी ऐका.

कुंडईकर, ११:४७
फोटो घेतले होते, त्यांचाच उपयोग झाला.
पिंजरा निघाला आणि बोर्ड बोटभर पुढे सरकला, जोर लावावाच लागला नाही. खालून पाहिला तर मागच्या पोर्टांजवळ हिरवट बुरशीसारखा थर, एका स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी. चार वर्षं खिडकीचा एसी त्याच भिंतीला होता.
नव्या बोर्डावर आठही रॅम दिसल्या. फॉरेन कॉन्फिगरेशन इम्पोर्ट केलं. मग बिटलॉकरने की मागितली. अकाउंट्सच्या कपाटात बिलांच्या फाइलमध्ये कागद सापडला, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. अकाउंट्सच्या बाई वाचत गेल्या, मी टाकत गेलो. विंडोज उघडलं.
पगाराचं सॉफ्टवेअर लायसन नाकारतंय, मॅक अॅड्रेस (बोर्डावरच्या नेटवर्क पोर्टचा ओळख क्रमांक) बदललाय म्हणून. त्यांचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं.

फोंडा_रॅक, ११:५५
जुन्या बोर्डावरचं स्टिकर फेकू नका, जुना मॅक अॅड्रेस त्यावर असतो. नवा मॅक सिस्टिममध्ये दिसेल. नऊला फोन कराल तेव्हा दोन्ही आकडे समोर असू द्या.