७ भाषा आल्यात रिलीजमध्ये, पण घोषणेत नक्की लिहू काय?

टॅब_की_स्पेस
मंडळी नमस्कार, जरा मदत हवीये. माझं एक छोटं ओपन सोर्स अ‍ॅप आहे, नोंदी ठेवायचं, डेस्कटॉपवर चालतं, डेटा आपल्याच मशीनवर राहतो. चार वर्षं फक्त इंग्रजीत होतं, आता २.० येतंय आणि त्यात पहिल्यांदाच भाषा आल्यात: जर्मन, पोलिश, जपानी, ब्राझीलवाली पोर्तुगीज, हिंदी, मराठी आणि अरबी. कोड झालाय, टेस्टिंग चालू आहे, १० दिवसांनी रिलीज करायचा विचार आहे. अडलंय ते घोषणेपाशी. आत्तापर्यंत मी कमिट लॉग (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) उचलायचो, थोडा साफसूफ करायचो आणि चिकटवून द्यायचो, कोणी तक्रार केली नाही (कोणी वाचलं तरी का देव जाणे). यावेळी नीट लिहू म्हणून बसलो तर पहिलंच वाक्य झालं "आता पूर्णपणे बहुभाषिक! ७ भाषांमध्ये उपलब्ध!" आणि तिथेच गाडी थांबली, कारण जर्मन १०० टक्के झालंय, मराठी ९१ आहे, पण अरबी ४० वरच लटकलंय, ज्याने सुरू केलं होतं तो मधेच गायब झाला. मग ७ म्हणू का ६ म्हणू? टक्के द्यायचे असतात का? आणि ही घोषणा पण सातही भाषांत टाकायची का?

ओळीमागची
मी बरीच वर्षं ओपन सोर्स प्रोजेक्ट्सची भाषांतरं करते, त्यामुळे थोडं तावातावाने लिहीन, सांभाळून घ्या.

आधी तो "बहुभाषिक" शब्द काढा. त्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मेनू आणि बटणं मराठीत दिसणार? की नोंदी मराठीत लिहिता येणार? शोध मराठीत चालणार? तारखा, आकडे, अक्षरक्रम त्या त्या भाषेप्रमाणे येणार? मदतीची पानं भाषांतरित आहेत? या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक प्रोजेक्ट्स पहिली करून बाकीच्यांचं श्रेय पण घेऊन टाकतात. तुमच्याकडे मेनू-बटणं-संदेश झाले असतील आणि मदतीची पानं अजून इंग्रजीत असतील तर अगदी तसंच लिहा, "मदतीची पानं अजून इंग्रजीतच आहेत" हे वाक्य लिहायला लाजू नका, त्याने उलट विश्वास बसतो.

अरबी मोजू नका. ४० टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त बटणं इंग्रजीत, आणि अरबी उजवीकडून डावीकडे, तर खिडकीची मांडणी उलटी झालीये का ते पण बघावं लागेल, नुसत्या स्ट्रिंग (स्क्रीनवरच्या मजकुराचे तुकडे) भरून ते होत नाही. "६ भाषा, अरबीचं काम चालू आहे, हात लावायला माणसं हवीत" असं लिहा, म्हणजे घोषणेतूनच कदाचित माणूस मिळेल.

टक्के देताना एक बघा, पीओ फाइलमधल्या (भाषांतरं ज्यात असतात ती फाइल) "फझी" स्ट्रिंग तुमच्या ९१ मध्ये धरल्यात का? मूळ वाक्य बदललं की जुनं भाषांतर फझी म्हणून मार्क होतं आणि बाय डिफॉल्ट ते अ‍ॅपमध्ये येतच नाही, तिथे इंग्रजी दिसतं. म्हणजे कागदावर ९१ आणि स्क्रीनवर ८० असं होऊ शकतं.

आणि भाषांतर करणाऱ्यांची नावं शेवटी बारीक अक्षरात नाही, भाषेच्या शेजारी द्या. पण आधी त्यांना विचारा कुठलं नाव हवंय, काहींना टोपणनावच हवं असतं, काहींना नावच नको असतं.

जुना_खिळा
वर सांगितलंय ते बरोबरच आहे, पण मला त्यापेक्षा दुसरी काळजी आहे. मित्रा, तुझ्या जुन्या युजरचं काय होणार ते घोषणेत आहे का?

समजा एकाची सिस्टीम पोलिशमध्ये आहे आणि तो चार वर्षं तुझं अ‍ॅप इंग्रजीत वापरतोय, सगळे मेनू त्याच्या हातात बसलेत. अपडेट केलं आणि सकाळी उघडलं तर सगळं पोलिश. तुला आनंद झालाय की भाषा दिल्या आणि तो शिव्या घालत इंग्रजी परत कशी आणायची ते शोधतोय, तेही पोलिश मेनूत. हे वाक्य सगळ्यात वर पाहिजे: अ‍ॅप आता सिस्टीमची भाषा उचलेल, इंग्रजीच हवी असेल तर इथे जाऊन बदला. भाषांच्या यादीच्याही वर.

दुसरं, भाषा आली की सोबत लोकेल (आकडे, तारखा, अक्षरक्रमाचे त्या भाषेचे नियम) येतं आणि लोकेल आलं की आकडे बदलतात. जर्मनमध्ये दशांशाला कॉमा असतो. तुझं अ‍ॅप सीएसव्ही (कॉमाने कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) एक्सपोर्ट करतं का? करत असेल तर आत्ता जाऊन जर्मनमध्ये एकदा करून बघ.

तिसरं, अक्षरक्रम. लोक म्हणतात काय त्यात, यादीच तर आहे. २०१८ मध्ये जीलिबसी (लिनक्सची पायाभूत लायब्ररी) २.२८ आलं त्यात अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले आणि ज्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसचे इंडेक्स (पटकन शोधायच्या सूची) जुन्या क्रमाने बांधलेले होते ते ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केल्यावर गपचूप चुकीचे झाले, असलेली ओळ शोधली तर नाही म्हणायचं, इंडेक्स परत बांधावे लागले. एरर नाही, काही नाही. तसंच २०२३ ला जावा २० मध्ये सीएलडीआर (भाषांच्या तारखा-आकड्यांच्या नियमांचा सामाईक साठा) ४२ घेतलं, त्यात इंग्रजी वेळेतल्या एएम-पीएमच्या आधीची साधी स्पेस जाऊन नॅरो नो-ब्रेक स्पेस आली. डोळ्याला फरक दिसत नाही पण मजकुरातून वेळ वाचणारा कोड फुटतो. तर सांगायचं काय की "भाषा-सपोर्ट सुधारला" अशी गोड ओळ लिहून मोकळं होऊ नको. कोणाची स्क्रिप्ट फुटू शकते, काय परत बांधावं लागेल, हे भाषेच्या बातमीचाच भाग आहे.

अर्धविराम;
सगळं खरंय पण एवढं कोण वाचणार? मी कुठलीही घोषणा उघडतो, तीन ओळी बघतो, डाउनलोड दाबतो. तीन ओळीत सांगा, बाकीचं चेंजलॉगमध्ये (बदलांच्या तपशीलवार यादीत) टाका.

जुना_खिळा
तीन ओळी चालतील की, फक्त त्या तीनमध्ये "आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे" ही एक नको 🙂

टॅब_की_स्पेस
खिळेदादा, दंडवत. सीएसव्ही करून बघितलं. जर्मनमध्ये आकड्यात पण कॉमा आणि कॉलम वेगळे करायला पण कॉमा, एका कॉलमचे दोन झालेत. रिलीज करून बसलो असतो तर मेलो असतो. एक्सपोर्टला लोकेल लागूच होऊ नये असं केलंय आता, नेहमी टिंबच.

आता कमिटचं बोलू. शोधात एक काम झालंय, कमिटमध्ये लिहिलंय "सर्च टोकनायझरमध्ये झेडडब्ल्यूजे आणि नुक्ता नॉर्मलाइझ केला". हे मराठी युजरला फार कामाचं आहे असं ज्याने केलं तो म्हणतो, पण लिहायचं कसं? आणि घोषणेचं भाषांतर मशीनला दिलं तर चालेल का? वेळ कमी आहे हो.

ओळीमागची
कमिट लिहिणाऱ्याने काय केलं ते कमिटमध्ये असतं, वाचणाऱ्याला काय मिळालं ते घोषणेत हवं. "दऱ्या", "सुऱ्या" असले शब्द दोन पद्धतीने टाइप होतात, ऱ हे वेगळं अक्षर वापरून किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर (तोच झेडडब्ल्यूजे) वापरून. दिसायला सारखेच, आत वेगळे, म्हणून एका कीबोर्डने लिहिलेलं दुसऱ्या कीबोर्डने शोधलं की सापडत नाही. मग घोषणेत लिहा: "‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारखे शब्द कुठल्याही कीबोर्डने टाइप केलेले असले तरी आता शोधात सापडतील." टोकनायझर बिकनायझर चेंजलॉगमध्ये राहू दे. ही ओळ मराठी घोषणेत वर घ्या, जपानी घोषणेत तिचं काही काम नाही. हे पण लोक विसरतात, सगळ्या भाषांच्या घोषणा एकमेकींच्या झेरॉक्स असायला लागत नाहीत.

मशीनचं म्हणाल तर आमच्या एका प्रोजेक्टात एकदा घाईघाईत तसं केलेलं. मराठी घोषणेची सुरुवात होती "आवृत्ती २.३ ची सुटका झाली आहे", जणू जामीन मिळाला. पुढे "अनेक किडे दुरुस्त केले". आणि एका जुन्या फाइल फॉरमॅटचा सपोर्ट काढला होता ते झालं "आधार खाली टाकला". लोक हसले ते हसले, पण तो फॉरमॅट वापरणाऱ्या एकाला ती ओळ काय म्हणते तेच कळलं नाही, त्याने अपडेट केलं आणि त्याच्या जुन्या फाइली उघडेनात. मशीनचा मसुदा घ्या हवं तर, पण ती भाषा बोलणारा एक माणूस वाचल्याशिवाय टाकू नका. माणूस नसेल तर ती भाषा सोडा, मूळ घोषणेची लिंक द्या.

भाषांतराला माणसांना वेळ द्या मात्र. नोममध्ये (लिनक्सचा एक डेस्कटॉप) रिलीजच्या आधी स्ट्रिंग फ्रीझ असतो, त्यानंतर स्क्रीनवरचा मजकूर परवानगीशिवाय बदलत नाहीत, कारण भाषांतरवाल्यांनी शेवटच्या रात्री जागायचं नाही. तुम्ही पण १० दिवसांतले ७ दिवस फ्रीझ ठेवा आणि घोषणेचा मसुदा त्याच दिवशी द्या. आणि मूळ इंग्रजी लिहितानाच सरळ लिहा. "अंडर द हूड" बरंच काही बदललंय असं तुम्ही लिहिता आणि मग सहा जण सहा भाषांत बॉनेट उघडून बसतात.

कंस_बंद_करा
मराठी घोषणेसाठी एक सापळा सांगतो, मी स्वतः पडलोय त्यात. सीएलडीआरमध्ये मराठीला डिफॉल्ट अंक देवनागरी आहेत, हिंदीला इंग्रजी. म्हणजे तोच कोड मराठीत २५ छापतो आणि हिंदीत इंग्रजी अंक. ते ठीक आहे, पण मी शहाणपणा करून आवृत्तीचा नंबर पण आकडे फॉरमॅट करणाऱ्या फंक्शनमधून पाठवला आणि २.१० चं २.१ झालं, कारण त्याला तो दशांश वाटला. जुनीच आवृत्ती परत जाहीर केली आम्ही. आवृत्ती ही स्ट्रिंग आहे, आकडा नाही. इथे गप्पांत मी देवनागरीत लिहितोय ते सोडा, घोषणेत आवृत्ती, फाइलचं नाव आणि कमांड जशी टाइप करायची तशीच ठेवा, माणूस ती कॉपी करून शोधतो.

आणि तारीख ०३/०४ अशी लिहू नका. बऱ्याच देशांत ती एप्रिल आहे, अमेरिकेत मार्च. महिना अक्षरात.

अर्धविराम;
भाषांच्या यादीत झेंडे टाका, छान दिसतं.

ओळीमागची
नको! अरबीला कुठल्या देशाचा झेंडा लावणार? ब्राझीलची आणि पोर्तुगालची पोर्तुगीज वेगळी आहे, तुम्ही ब्राझीलचीच केलीये तर शब्दांत "पोर्तुगीज, ब्राझील" असं लिहा. आणि मराठीला काय लावाल, हिंदीला पण तोच. भाषेचं नाव त्या भाषेतच लिहा, ज्याला ती भाषा येते त्याला दिसते.

अजून एक, घोषणेत "एन नोंदी एकदम हलवता येतात" टाइपचं वाक्य अ‍ॅपमधून उचलणार असाल तर अनेकवचन बघा. मराठीत एक नोंद, दोन नोंदी, संपलं. पोलिशमध्ये २ ते ४ ला एक रूप, ५ ला दुसरं, १२ ला ५ वालंच पण २२ ला परत २ वालं. अरबीत सहा रूपं. तुमचं अरबी ४० टक्क्यांवर का अडकलं असेल त्याचं हे पण कारण असू शकतं, कोडमध्ये फक्त एक आणि अनेक अशी दोनच खाती असतील तर तो माणूस करणार काय बिचारा. इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या अडचणी) तपासा, कदाचित त्याने विचारलं असेल आणि उत्तर मिळालं नसेल.

टॅब_की_स्पेस
...तपासलं. त्याने विचारलं होतं. फेब्रुवारीत. मी "नंतर बघतो" लिहून बंद केलाय इश्यू. आत्ता उघडून माफी मागितली आणि गेटटेक्स्टचं (भाषांतराच्या टूलचं) अनेकवचन नीट लावतोय.

मसुदा असा झालाय, मराठीवाला:

"२.० आलंय. अ‍ॅप आता तुमच्या सिस्टीमच्या भाषेत उघडेल, आधीसारखं इंग्रजीच हवं असेल तर पहिल्या मेनूतल्या शेवटच्या पर्यायात जाऊन बदला (मेनूची जागा सगळ्या भाषांत तीच आहे). मेनू, बटणं आणि संदेश ६ भाषांत आहेत, मदतीची पानं अजून इंग्रजीत आहेत. मराठी ९१ टक्के झालंय, राहिलेला भाग मुख्यतः प्रिंटच्या खिडकीत आहे, तिथे इंग्रजी दिसेल. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारखे शब्द कुठल्याही कीबोर्डने टाइप केलेले असले तरी आता शोधात सापडतील. याद्यांचा क्रम आता भाषेप्रमाणे लागतो, त्यामुळे पहिल्यांदा उघडताना इंडेक्स परत बांधला जाईल, डेटा जास्त असेल तर वेळ लागेल, मधेच बंद करू नका. सीएसव्हीमध्ये काहीही बदललेलं नाही. अरबीचं काम चालू आहे, मदत हवीये."

खाली भाषा आणि माणसांची नावं. ९१ मधून फझी वगळल्यात, मोजून बघितलं.

जुना_खिळा
चांगलंय. "मधेच बंद करू नका" एवढंच लिहून भागणार नाही, कोणीतरी करणारच. बंद केलं तर काय होतं ते एकदा करून बघ आणि मग लिही. आणि बॅकअपची ओळ नाहीये. २.० मधून परत जुन्यात जाता येतं का?

टॅब_की_स्पेस
येत नाही. लिहितो तसं. रिलीज चार दिवस पुढे ढकलतोय.

ओळीमागची
ढकला, भाषांतरवाले दुवा देतील. प्रिंटच्या खिडकीच्या स्ट्रिंग मला पाठवा, मी आज रात्री बसते. फक्त तुमच्या मराठी फाइलमध्ये काही ठिकाणी "सेव्ह करा" आहे आणि काही ठिकाणी "जतन करा", ते एक काय ते ठरवा.

अर्धविराम;
सेव्ह.

कंस_बंद_करा
जतन!!

जुना_खिळा
यासाठी वेगळा धागा काढा रे, हा पुरणार नाही.