४० नगांच्या लॉटला किती नग तपासायचे?

भोसरीचा टर्नर: आमचं छोटं वर्कशॉप आहे. पितळी बुश (नळीसारखा पोकळ भाग), बोअर म्हणजे आतलं भोक २० एच७, म्हणजे २० मिलिमीटरच्या वर फक्त २१ मायक्रॉनची (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोकळीक. लॉट ४० नगांचा. वडिलांच्या काळापासून दहा टक्के, म्हणजे ४ नग तपासतो. गेल्या महिन्यात ४ चांगले निघाले, लॉट पाठवला आणि गिऱ्हाइकाकडून परत आला. फार जिव्हारी लागलं. आयएस २५०० चा, म्हणजे लॉटमधले किती नग तपासायचे ते सांगणाऱ्या भारतीय मानकाचा, तक्ता वापरू का?

क्यूसीवाली (गुणवत्ता तपासणारी) ताई: दादा, दहा टक्क्यांचा नियम आजच सोडा. ४० मध्ये ४ खराब असतील आणि तुम्ही ४ च उचलले, तर एकही खराब हाती न लागण्याची शक्यता ६४ टक्के. तक्त्यात २६ ते ५० च्या लॉटला, सामान्य लेव्हल दोन (तपासणीची नेहमीची पातळी), एक्यूएल (खराब नगांचं चालण्याजोगं प्रमाण) १.५ टक्के धरलं तर ८ नग, स्वीकार शून्यावर, म्हणजे एक जरी खराब निघाला तरी लॉट नापास. तरीही तोच लॉट ३९ टक्के वेळा सुटतो. २० नग तपासले तर ५ टक्के. लहान लॉटला तक्त्याचा आधार तोकडाच पडतो.

जुना इन्स्पेक्टर: प्लग गेज (भोकात घालून माप तपासायची दांडी) आहे ना? मग चाळीसच्या चाळीस तपासा, एका नगाला दहा सेकंद. सॅम्पलिंग ठेवा तोडफोडीच्या चाचणीला, जिथे तपासलेला नग वाया जातो. आणि ते ४ नग ट्रेच्या कुठल्या भागातले होते?

भोसरीचा टर्नर: वरचे, काका. म्हणजे शेवटी निघालेले. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं पातं) मध्येच बदलला होता, त्याआधीचे, झिजलेल्या पात्याचे नग खाली राहिले. आता त्यांत गेजची गो बाजूच, जी आत जायलाच हवी, जात नाहीये.