केळी आपली जास्त, मग बाजार इक्वेडोरचा कसा?

सावदेकर: घरची सहा एकर केळी. धाकटा भाऊ दुबईत आहे, तिथल्या दुकानात त्याला इक्वेडोरची केळी दिसतात. पिकवण्यात भारत जगात पहिला, निर्यातीत मात्र इक्वेडोर. भावाला परत बोलवू, की तिकडेच संधी जास्त?

तापीकाठ: भो, मी तीन वर्षं व्हिएतनाममध्ये होतो. त्यांनी १९८६ला बाहेरच्या व्यापाराला अर्थव्यवस्थेची दारं उघडली, आपण १९९१ला. पण पहाटे पाचला तिथली बाई दुकान मांडते, तशीच आपली रावेरची मजूर बाई बागेत जाते. मेहनतीत फरक नाही. फरक काढणीनंतर पडतो.

इक्वेडोरमध्ये घड बागेतून तारेवर लटकवून आणतात, जमिनीला टेकू देत नाहीत. फण्या पाण्यात धुऊन चीक काढतात आणि साधारण १८ किलोचं खोकं भरतात. आपल्याकडे घड डोक्यावरून बांधावर, तिथून ट्रकमध्ये. डाग पडला की भाव पडला.

सावदेकर: गेल्या वर्षी माझा अर्धा माल डागामुळेच नाकारला. फार लागलं जिवाला.

तापीकाठ: मग भावाला बोलवाच. जळगावच्या केळीला २०१६ला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचा खास माल अशी अधिकृत ओळख, मिळालंय. धुण्याची टाकी आधी बांधा.