स्वीट होम: अकिको मेली, सेव्ह टिकत नाही, आणि मशीन शनिवारपासून चालूच आहे

गोदाकाठचा_गण्या

मंडळी, स्वीट होम कोणी खेळलंय का? कॅपकॉम कंपनीचा १९८९चा भुतांचा गेम, निंटेंडोच्या फॅमिकॉम या जपानी मशीनवरचा, जपानबाहेर कधी अधिकृत आलाच नाही. मावसभाऊ नागोयाला असतो, त्याने येताना सेकंडहँड दुकानातून कार्ट्रिज आणलं. आणि आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरात माळ्यावर लहानपणीचा टीव्ही गेम पडला होता ना, तोच पिवळ्या कार्ट्रिजवाला ज्याच्यावर लाखो गेम लिहिलेले असायचे आणि आत मारिओ, काँट्रा आणि तेच तेच परत, तर त्यात हे गपकन बसलं आणि चक्क चालू झालं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: मामिया इचिरो नावाच्या चित्रकाराच्या पडक्या हवेलीत पाच जण त्याची भित्तिचित्रं शोधायला जातात आणि आतच अडकतात. एका टीममध्ये जास्तीत जास्त तिघं, म्हणून फाटाफूट करावीच लागते. काझुओकडे लायटर, तारोकडे कॅमेरा, असुकाकडे व्हॅक्युम क्लीनर, एमीकडे किल्ली, अकिकोकडे औषधांची पेटी. मी अकिको आणि एमीला वेगळं पाठवलं, टॉनिक सगळं राहिलं तारोच्या बॅगेत, तो दोन खोल्या पलीकडे. अकिको गेली. या गेममध्ये मेलेला माणूस परत येत नाही. आणि मी येड्यासारखं त्याच्यानंतर सेव्ह मारलं.

ते एक असो, दुसरं दुखणं म्हणजे मशीन बंद केलं की सेव्ह गायब. म्हणून शनिवारपासून बंदच केलं नाहीये. ॲडॉप्टर तापतोय, आई रोज विचारते ते लाल काय पेटलंय, आणि आमच्याकडे कुंभमेळ्याच्या कामांसाठी गल्ली खोदलीये त्यामुळे लाईट कधी जाईल नेम नाही. रात्री दोनला उठून दिवा बघून येतो, जुना लाकडी जिना, प्रत्येक पायरी कुरकुरते, गेमपेक्षा त्यानेच माझी जास्त फाटते. अकिकोशिवाय गेम पूर्ण होतो का? आणि सेव्हचं काय करू?

सिडको_आठबिट

होतो रे भावा, रीस्टार्ट करू नको. ज्याच्याकडची वस्तू गेली तिच्या बदल्यात दुसरी काहीतरी हवेलीत सापडते, अकिकोच्या पेटीऐवजी औषधाच्या गोळ्या मिळतात. फक्त त्या कोणाच्या तरी बॅगेत जागा खातात, आणि हत्यार आणि स्वतःची वस्तू सोडली तर माणशी दोनच जागा आहेत. खरी मारामारी तिथेच आहे. भूतं राहिली बाजूला, अर्धा वेळ आपण जमिनीवर काय ठेवायचं आणि ते कुठे ठेवलं होतं हेच करत बसतो, जत्रेतून परत निघालेल्या घरासारखं.

किती जण जिवंत बाहेर पडतात त्यावर शेवट ठरतो, पाच वेगवेगळे आहेत. चार जणांचाही बघण्यासारखा आहे. आणि पुढच्या वेळी लढाईत हाक मारायचा पर्याय वापर, दुसरी टीम लांब असली तरी तिला चालवत मदतीला आणता येतं. मला हे अर्धा गेम झाल्यावर कळलं.

रिकामटेकडा_नाशिककर

एवढा कुटाणा कशाला, एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं ॲप, टाक फोनवर आणि झोप शांत.

सोल्डरवाले_काका

गण्या, कार्ट्रिजच्या आत बटणासारखा एक सेल असतो, सेव्ह त्याच्यावर टिकतं. १९८९चा सेल आता मेलाच असणार, मशीनचा दोष नाही. चालू आहे तोवर करंट मशीनकडून मिळतो म्हणून टिकतंय. एमजी रोडला पत्र्याचे पाय लावलेला सेल मागायचा, नुसता सेल आणून त्याला घरी डाग देऊ नको, तापला तर फुटतो. फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला बहुधा स्क्रू नसतात, नुसत्या खाचा, घाईत उघडलंस तर कडा तुटेल. जमत नसेल तर माझ्याकडे घेऊन ये, फक्त चहा पाज.

बसलं कसं, तर आपल्याकडचे ते टीव्ही गेम जपानी फॅमिकॉमचीच नक्कल होते, तीच ६० पिनांची खाच. अमेरिकन मशीनची ७२ पिनांची, त्यात हे नुसतं बसलंच नसतं. आणि आपली मशिनं सेकंदाला ५० फ्रेम दाखवतात, जपानची ६०, म्हणजे तू हा गेम सहाव्या भागाने हळू खेळतोयस. संगीत रडवेलं वाटत असेल तर ते त्यामुळे.

कांजी_नको_बाई

तुम्हाला वाचता कसं येतंय हाच माझा प्रश्न! मी जपानी शिकतेय. त्या काळच्या फॅमिकॉम गेममध्ये बहुतेक सगळं काना लिपीत, म्हणजे नुसत्या उच्चाराच्या अक्षरांत असतं, अर्थ दाखवणारी कांजी चिन्हं जवळजवळ नाहीच, त्यामुळे एकाच उच्चाराचे चार अर्थ होतात आणि फोनचं भाषांतर ॲप काहीही बरळतं. २०००च्या सुमारास चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, पण ते तुमच्या या कार्ट्रिजवर चालायचं नाही.

बाकी दार उघडताना जो सीन येतो ना, दार हळूच आत जातं, तो ओळखीचा वाटला का? कॅपकॉमचाच १९९६चा गाजलेला भयगेम रेसिडेंट ईव्हिल सुरुवातीला याच गेमचा रिमेक म्हणून सुरू झाला होता. स्वीट होमचे दिग्दर्शक तोकुरो फुजिवारा, त्यांनीच ते काम शिंजी मिकामीकडे दिलं. आणि स्वीट होम स्वतः १९८९च्याच, त्याच नावाच्या कियोशी कुरोसावाच्या सिनेमावरून केलेला.

गोदाकाठचा_गण्या

@कांजी_नको_बाई भाऊ व्हॉट्सॲपवर फोटो बघून अर्थ सांगतो, पण तिकडे आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, साडेनऊनंतर तो झोपलेला असतो. मग अंदाजाने.

@रिकामटेकडा फोनवर खेळून रात्री दोनला जिना कोण चढेल?

@काका रविवारी येतो, चहा काय मिसळ पण.

आता अपडेट. काल पावणेनऊला लाईट गेली. अख्खी गल्ली अंधार, आई खालून ओरडली, मी मात्र त्या लाल दिव्याच्या जागेकडे बघत बसलो. वीस मिनिटांनी आली. सेव्ह अर्थातच नाही. मग काय, पहिल्यापासून. या वेळी अकिकोला तिघांच्या टीममध्ये घेतलंय, टॉनिक सगळ्यांना वाटून दिलंय. सध्या एमी वाट चुकून एकटीच आहे आणि तिच्या बॅगेत एक फळी सोडून काही नाही. लढाई सुरू झालीये, मी हाक मारलीये, आता काझुओला घेऊन पळतोय. नंतर लिहितो.