मदत हवी आहे: डिकीतल्या लिथियम बॅटरीची अर्थिंग (निगेटिव्हचा जोड) कुठून घेऊ?

मंडळी, गाडी बीएस-६ डिझेल फोर बाय फोर. डिकीत १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, त्यावर फक्त फ्रिज आणि दिवे. आधी व्होल्टेजवर चालणारा रिले, म्हणजे व्होल्टेज चढलं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच, लावला होता. पण अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा जनरेटर) स्मार्ट, मधूनच व्होल्टेज उतरवतो, रिले सुटतो, बॅटरी अर्धीच भरते. म्हणून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आणलाय, तो उतरलेलं व्होल्टेज चढवून बॅटरी पूर्ण भरतो. पॉझिटिव्ह १६ स्क्वेअर एमएम तांब्याची, दोन्ही टोकांना फ्यूज. अडलंय ते निगेटिव्हवर. गाडी गुहागरला समुद्राजवळ उघड्यावर असते. खारं वारं नटबोल्ट खातं, पावसाळ्यात तर विचारूच नका. इलेक्ट्रिशियन म्हणतो, मागेच बॉडीला अर्थ मार. मला तो जोड गंजण्याची भीती वाटते. पुढच्या, म्हणजे गाडीच्या मूळ बॅटरीच्या निगेटिव्हवर येणारा-जाणारा करंट मोजणारा सेन्सर आहे, त्यामुळे वायर थेट टर्मिनलला नको, नाहीतर हा करंट मोजलाच जाणार नाही. मग सेन्सरच्या चॅसीकडच्या बाजूपर्यंत वेगळी निगेटिव्ह वायर ओढू, की मागच्या बॉडी अर्थवरच किनाऱ्याला टिकेल असा काही लेप आहे?