दोन जिल्ह्यांची नावं बदलली, १,९०० जुन्या लिंका आहेत. एन्जिनएक्सवर रिडायरेक्ट कसे सांभाळायचे?

जालनेकर:
मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या बातम्या आणि बाजारभाव देणारी वर्डप्रेस साइट आहे. शेअर्ड होस्टिंगवर अपाचे हा वेब सर्व्हर होता, आता व्हीपीएसवर (स्वतंत्र आभासी सर्व्हरवर) एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर घेतला आहे. जुन्या लिंका तीन जातीच्या आहेत. वर्डप्रेसच्या आधीच्या सुमारे ६००, सगळ्या ‘न्यूज डॉट पीएचपी’ आणि पुढे आयडी. मथळे बदललेल्या १,३०० बातम्या, देवनागरी स्लगच्या (स्लग म्हणजे पत्त्यातलं पानाचं नाव). शिवाय औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे दोन विभाग. त्यांचे स्लग रोमन आहेत. २०२३ मध्ये नावं बदलल्यावर ते छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव केले.

हे सगळं अपाचेच्या एचटीअॅक्सेस या नियमांच्या फाइलमध्ये ओळीखाली ओळ साठत गेलं. आज एखादी जुनी लिंक चार उड्या मारून पोचते: आधी एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग नवा विभाग, मग नवा मथळा. काही देवनागरी लिंका तर दिसायला हुबेहूब असूनही जुळत नाहीत. याच ओळी एन्जिनएक्सवर आणायच्या का, की नव्यानं मांडायचं?

नांदेडकर:
नव्यानं मांडा. एन्जिनएक्स एचटीअॅक्सेस वाचतच नाही, आणि १,९०० वेगवेगळे रीराइट (पत्ता बदलण्याचे नियम) लिहिले तर वर्षभरानं कुणालाच काही उमगणार नाही.

सगळं एका शीटमध्ये घ्या. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे शेवटचा पत्ता, तोही एचटीटीपीएस आणि डोमेनसकट पूर्ण. उजवीकडचा एखादा पत्ता डावीकडेही सापडला तर तिथे साखळी आहे. त्याच्या जागी त्याचा अंतिम पत्ता टाका आणि एकही न उरेपर्यंत हे करत राहा. उड्या इथे कापायच्या, सर्व्हरवर नाही. मथळ्याच्या लिंकेत विभागाचं जुनं नाव असेल तर तेही याच ओळीत एकदम नव्यावर न्या.

या शीटमधून ‘मॅप’ ब्लॉकची (जुना पत्ता दिला की व्हेरिएबलमध्ये नवा देणाऱ्या यादीची) फाइल तयार करून इन्क्लूड करा. मॅप एचटीटीपी पातळीवर लिहितात, त्यामुळे पोर्ट ८० आणि ४४३ अशा दोन्ही सर्व्हर ब्लॉकना तो वापरता येतो. दोन्हीकडे, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या आणि नसलेल्या नावालाही, मॅपची तपासणी आधी आणि एचटीटीपीएसकडे वळवणं नंतर ठेवा. मग चाराची एकच उडी होते.

तपासणी थेट सर्व्हर ब्लॉकमध्ये, सगळ्यात वर: मॅपचं व्हेरिएबल रिकामं नसेल तर रिटर्न ३०१ (कायमचं वळवणं). पीएचपीच्या लोकेशनमध्ये ती घालू नका. तिथे पोचेपर्यंत ‘यूआरआय’ व्हेरिएबल ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ झालेलं असतं आणि काहीच जुळत नाही. शेवटी स्लॅश असलेला आणि नसलेला पत्ता मॅपला वेगळा वाटतो, म्हणून दोन्ही ओळी घाला. तीच ओळ चुकून दोनदा आली तर कॉन्फिग तपासतानाच ‘कॉन्फ्लिक्टिंग पॅरामीटर’ येतं, ही मोठी सोय आहे.

६०० आयडींचा मॅप वेगळा, ‘आर्ग-आयडी’वर (पत्त्यातल्या आयडीच्या आकड्यावर). तो फक्त न्यूज डॉट पीएचपीच्या तंतोतंत लोकेशनमध्ये तपासा, नाहीतर पत्त्यात आयडी असलेलं कुठलंही पान भलतीकडे जाईल.

दोन विभागांना पॅटर्न पुरतो, पण तो ‘रिक्वेस्ट-यूआरआय’वर (ब्राउझरनं पाठवलेल्या मूळ पत्त्यावर) लावा. ‘यूआरआय’ डीकोड झालेलं असतं. त्यातून पकडलेला तुकडा तसाच लोकेशन हेडरमध्ये (ब्राउझरला नवा पत्ता सांगणाऱ्या ओळीत) गेला तर कुणी पत्त्यात नवी ओळ लपवून हेडर घुसवू शकतं. रिक्वेस्ट-यूआरआयमध्ये प्रश्नचिन्हापुढचा भागही येतो, तो पुन्हा जोडू नका. पॅटर्न स्लॅशपासून सुरू करून विभागाच्या नावानंतरच्या स्लॅशपर्यंत बांधा. नुसता ‘औरंगाबाद’ शब्द शोधलात तर बीडच्या विभागातली औरंगाबाद खंडपीठाची बातमीही वळेल. आणि ही तपासणी नेमक्या पत्त्यांच्या मॅपनंतर.

लातूरकर:
देवनागरी लिंका न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत.

‘शेतकऱ्यांना’ घ्या. एका कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर (युनिकोड ०९३१) आणि हलंत पडतो. दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक कळत नाही, सर्व्हरला कळतो. म्हणून जुना पत्ता टाइप करू नका आणि मथळ्यावरूनही बनवू नका. अॅक्सेस लॉगमधून उचला, डीकोड करा, तोच डावीकडे ठेवा.

मथळ्यावरून न बनवण्याचं आणखी एक कारण आहे. वर्डप्रेसमध्ये स्लगला २०० अक्षरांची जागा असते. एन्कोड झाल्यावर देवनागरीचं एक चिन्ह ९ अक्षरं खातं आणि मात्रा, हलंत हीही स्वतंत्र चिन्हं. म्हणजे २२ चिन्हांत स्लग संपतो, बहुधा शब्दाच्या मध्येच.

मॅपमध्ये डावी बाजू साध्या देवनागरीत आणि उजवी टक्के-चिन्हांच्या एन्कोड रूपात ठेवा, कारण रिटर्न उजवी बाजू जशीच्या तशी हेडरमध्ये पाठवतो. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ काढलं तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (न दिसणारी खूण) चिकटतो आणि पहिली ओळ कधीच जुळत नाही. साधं सीएसव्ही काढलं तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. बीओएम काढूनच फाइल चढवा.

परभणीकर:
काढून टाकलेली रोजच्या भावाची पानं मुखपृष्ठावर वळवू नका. गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे पान नसल्यासारखंच, धरतं आणि वाचकाला तुरीच्या भावाऐवजी भलतंच दिसतं. पर्यायी पान नसेल तर सरळ ४१० (पान कायमचं काढलं) द्या.

जालनेकर:
नांदेडकर भाऊ, मॅप केला. तपासताना ‘कुड नॉट बिल्ड मॅप-हॅश’ आणि बकेट साइज ६४ वाढवा असं येतंय. ओळी जास्त झाल्या का?

नांदेडकर:
ओळींचा प्रश्न नाही, लांबीचा आहे. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट, २२ चिन्हांचा स्लग ६६ बाइट, वर विभागाचं नाव. ६४ च्या बकेटमध्ये मावणार कसं? ‘मॅप-हॅश-बकेट-साइज’ २५६ करा. ‘मॅप-हॅश-मॅक्स-साइज’ मूळचा २,०४८ असतो, तोही ८,१९२ करून ठेवा. बदलानंतर आधी कॉन्फिग तपासा, मगच रीलोड.

पहिले काही दिवस ३०१ ऐवजी ३०२ (तात्पुरतं वळवणं) ठेवा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकीची ओळ तुम्ही दुरुस्त केली तरी वाचकाच्या फोनमध्ये जुनीच चालत राहते. शीटमधले सगळे जुने पत्ते कर्लनं (कमांड लाइनवरून पानं मागवणाऱ्या साधनानं) एकामागून एक मागवा. त्याच्या राइट-आउट पर्यायात शेवटचा कोड, उड्यांची संख्या आणि अंतिम पत्ता छापून घ्या. प्रत्येक ओळीला २०० आणि १ आलं पाहिजे. ते जमलं की ३०१ करा आणि साइटमॅप, मेन्यू, जुन्या बातम्यांमधल्या आतल्या लिंका नव्या पत्त्यांवर आणा. मॅप किमान वर्षभर हलवू नका, गूगलही तेवढंच सांगतं. बातमीच्या लिंका व्हॉट्सअॅप ग्रुपांत त्याहून जास्त फिरतात, मी तर तो काढूच नका म्हणेन.