प्रादेशिक वाहतूक आराखडा : पर्यावरण संस्थांचे अभिप्राय नेमके कधी मागवावेत?

प्रश्न (आराखडाकार)

एका प्रादेशिक वाहतूक आराखड्याच्या धोरणात्मक पर्यावरण मूल्यांकनाचे (आराखडा मंजूर होण्याआधी त्याचे पर्यावरणावरील परिणाम तपासण्याचे) काम आमच्या गटाकडे आले आहे. त्याला युरोपीय संघाचा २००१/४२ क्रमांकाचा निर्देश लागू होतो. जलव्यवस्थापन, निसर्गसंवर्धन आणि वारसा जतन यांच्याशी संबंधित शासकीय संस्थांचे अभिप्राय घ्यायचे आहेत. गटातील ज्येष्ठांच्या मते मसुदा आणि पर्यावरण अहवाल तयार झाल्यावर दोन्ही एकदमच पाठवावेत, कारण अर्धवट कागद पाठवले तर संस्था हरकती काढत बसतात. हे योग्य आहे का? मुदतीत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरता येते का?

उत्तर (कलमवाचक)

ज्येष्ठांचा मार्ग निर्देशात बसत नाही. अहवालात कोणती माहिती किती तपशिलाने द्यायची हे ठरवतानाच या संस्थांशी विचारविनिमय करावा, असे कलम ५(४) सांगते. तयार मसुद्यावरील अभिप्राय ही कलम ६ मधली वेगळी पायरी आहे आणि तिथे जनतेलाही स्थान आहे. इंग्लंडच्या २००४ च्या नियमांत पहिल्या पायरीसाठी संस्थांना पाच आठवडे दिलेले आहेत.

कायदा बाजूला ठेवला तरी मसुदा झाल्यावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे. प्रादेशिक आराखड्यात रस्ता कुठून न्यावा यापेक्षा रस्ता वाढवावा, रेल्वे आणि बससेवा वाढवावी की प्रवासाची गरजच कमी करावी, हा प्रश्न मोठा असतो आणि प्रकल्पाच्या पातळीवर तो सहसा पुन्हा उघडला जात नाही. म्हणून पर्याय खुले असतानाच ते संस्थांसमोर ठेवावेत. एक उदाहरण देतो. रस्त्याची क्षमता वाढवली की काही प्रमाणात नवी वाहतूक निर्माण होते आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजन कडेच्या अधिवासांवर साचतो. ब्रिटनमध्ये प्राथमिक तपासणी रस्त्यापासून सुमारे २०० मीटरपर्यंत करण्याची पद्धत आहे. पण वाढलेली वाहतूक आराखड्याच्या हद्दीबाहेरील रस्त्यांवरही जाते, आणि तिथला कोणता अधिवास नायट्रोजनला किती संवेदनशील आहे हे निसर्गसंवर्धन संस्थेलाच नीट ठाऊक असते. ही माहिती अहवाल छापल्यावर हाती आली, तर वाहतुकीचे गणित पुन्हा मांडावे लागते, आणि तेव्हा ते कोणीही मांडत नाही.

उत्तर (पूररेषा)

मौनाविषयी : मुदत संपल्यावर काम पुढे नेता येते, पण त्याला संमती म्हणता येत नाही. मुळात हा अभिप्राय म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हेच, त्यामुळे अनुकूल पत्र आले तरी आपली जबाबदारी संपत नाही. चाळीस पानांना ‘आपले अभिप्राय कळवावेत’ असे पत्र जोडले, तर उत्तरही तितकेच मोघम येते. त्याऐवजी नेमके विचारावे : पुराचे कोणते नकाशे सध्या ग्राह्य आहेत, आधाररेषेची, म्हणजे आराखड्याआधीच्या पर्यावरणस्थितीची, कोणती माहिती जुनी झाली आहे, आम्ही कोणता परिणाम वगळला आहे.

आराखडाकार

आभारी आहे. एक अडचण राहिली. सल्लागार संस्थांपैकी एक विभाग आराखडा करणाऱ्या प्राधिकरणाचाच भाग आहे. तो स्वतःलाच अभिप्राय देणार का?

उत्तर (कलमवाचक)

हाच प्रश्न उत्तर आयर्लंडच्या ‘सीपोर्ट’ प्रकरणात युरोपीय न्यायालयापुढे आला होता (सी-४७४/१०, २०११). त्यासाठी दुसरी संस्था नेमणे बंधनकारक नाही. मात्र प्राधिकरणाच्या आत कार्यात्मक विभाजन हवे, म्हणजे अभिप्राय देणाऱ्या घटकाला स्वतःचे प्रशासकीय साधनबळ आणि मनुष्यबळ असावे आणि तो खरोखर स्वायत्त असावा, असे न्यायालयाने म्हटले. मुदत प्रत्येक आराखड्यापुरती ठरवता येईल, पण ती मत मांडायला पुरेशी असली पाहिजे, हेही त्याच निकालात आहे.

शेवटी अभिप्रायांच्या तक्त्याकडे लक्ष द्यावे. मी पाहिलेल्या अनेक तक्त्यांत प्रत्येक सूचनेसमोर ‘नोंद घेतली’ एवढेच लिहिलेले असते. कलम ९ नुसार आराखडा मंजूर झाल्यावर ही मते कशी विचारात घेतली आणि पर्यायांतून हाच पर्याय का निवडला, हे जाहीर करावे लागते. म्हणून तक्त्यात ‘मसुद्यात कुठे बदल केला’ आणि ‘बदल न केल्यास कारण’ असे दोन रकाने पहिल्या पत्राच्या वेळीच आखून ठेवावेत आणि अंतर्गत विभागाचे अभिप्रायही त्यातच, इतरांसारखेच नोंदवावेत.